भाऊंची साक्ष अजून संपलेली नाही

मुरलीधरराव बोढे यांना मी प्रथम पाहिले ते इथे आखातात, अल कुसैसमधल्या एका शाळेच्या ठेंगण्या खोलीत. आपल्या मराठी मंडळाची सभा होती. आम्ही सारे खुर्च्यांवर बसलो, ते उभेच राहिले. त्यांनी हातातली काठी उलटी धरून छताला टेकवली, दोनदा ठोकले आणि मान कलती करून ऐकले.

"आजोबा, इट्स जस्ट अ फॉल्स सीलिंग," त्यांची नात सई म्हणाली. ती शरमली होती.

"फॉल्स हाये न? मंग तर पाहाच लागते," ते म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्या त्यांनी मागे घ्यायला लावल्या.

अध्यक्ष हसले. छत त्या दिवशी पडले नाही, नंतरही पडले नाही. खुर्च्या मात्र अजून मागेच मांडल्या जातात. का, असे कोणी विचारत नाही.

भाऊंचा (आम्ही सारे त्यांना भाऊ म्हणतो) अमृतमहोत्सव मंडळ साजरा करीत आहे. ह्या अंकातल्या इतरांनी त्यांच्या स्वभावाबद्दल लिहिले आहे. मी भाषांतराचे काम करते, आणि त्यांच्या खटल्याची कागदपत्रे मराठीतून इंग्रजीत नेण्याचे काम माझ्याकडे आले. म्हणून मी त्या कामाबद्दल लिहिते.

भाऊ विदर्भातल्या एका कोळसा खाणीत टिंबर मिस्त्री होते. छताला लाकडी टेकू लावणे हे त्यांचे काम. पुढे ते युनियनचे सरचिटणीस झाले. त्यांच्या काळात खाणमालकांशी एक करार झाला. खाणीतून वर येणाऱ्या प्रत्येक टन कोळशामागे मालकांनी ठरलेली वर्गणी युनियनच्या कल्याण निधीत भरायची. त्या निधीतून छातीच्या रोग्यांची औषधे येत, विधवांना महिना मिळे, मुले वसतिगृहात राहत. काही वर्षांनी खाणीत कंत्राटी मजूर उतरले. त्यांनी काढलेला कोळसा आमच्या कामगारांनी काढलेला नाही, तेव्हा त्यावर वर्गणी लागू नाही, असे कंपनीने म्हटले. पुढे जवळजवळ सगळाच कोळसा कंत्राटी हातांनी निघू लागला. निधी आटला. औषधे थांबली. युनियन न्यायाधिकरणात गेली आणि खटला अजून तिथेच आहे.

वर्गणी माणसांमागे न ठरवता टनामागे का ठरवली, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे. करार झाला त्या खोलीत बसलेल्यांपैकी युनियनच्या बाजूचे एकटे भाऊ आज हयात आहेत.

खाणीतल्या एका रीतीबद्दल इथे सांगितले पाहिजे, कारण भाऊंचे वागणे तिच्यातून आले आहे. डोक्यावरच्या दगडाला तिथे चाल म्हणतात. काम सुरू करण्याआधी काठीने चाल ठोकून पाहतात. भरीव आवाज आला तर पुढे जायचे. आवाज पोकळ वाटला, किंवा काम चालू असताना वरून बारीकशी कुरकुर ऐकू आली, तर ज्याला ती ऐकू आली त्याने "चाल बोलली" एवढेच म्हणायचे. मग सगळ्यांनी बाहेर यायचे. त्याला पुरावा मागायचा नाही. चाल पडली नाही तरी त्याला भित्रा म्हणायचे नाही. वर आल्यावर पहिला चहा त्याचा. मग जाणत्यांनी टेकू लावायचे आणि पुन्हा आत जायचे.

माझी नोकरी अचानक गेली, तेव्हा मला ह्या रीतीचा उपयोग झाला. व्हिसाची उरलेली मुदत मी मनात मोजत बसे. भेटायला येणारे सगळे म्हणत, होईल ठीक, इन्शाल्ला. भाऊ आले, बसले, आणि म्हणाले, "भेव वाटते न?" मी हो म्हटले. "वाटू दे. टेकू कुठं लावाचा ते पाहू." त्यांनी मला ओळखीच्या घरांची नावे विचारली आणि प्रत्येक घरी ते माझ्याबरोबर आले. टॅक्सीत बसले की भाड्याचे रुपये करून मोठ्याने सांगत आणि चालकाला हिंदीत म्हणत, "भाई, इतने में तो हमारे यहाँ बारात जाती है." मी त्या दिवसांत तेवढीच हसले. तिसऱ्या घरी काम मिळाले.

भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्यानंतर भाऊ मोहम्मद बिन झायद सिटीत मुलीकडे, स्मिताकडे, राहू लागले. त्यांचा व्हिसा जावयाच्या, नितीनच्या, नावावर होता. नितीन फुजैराच्या एका तेल टर्मिनलवर काम करतो आणि सुटीला घरी येतो. ती खाण आणि ते टर्मिनल अखेरीस एकाच मालकाची आहेत, हे घरात पहिल्यापासून माहीत होते. कोणी त्याबद्दल बोलत नव्हते.

न्यायाधिकरणाने भाऊंना इथूनच, दूतावासातल्या खोलीतून, कॅमेऱ्यासमोर साक्ष द्यायची परवानगी दिली. त्याच आठवड्यात नितीनच्या वरिष्ठांनी पँट्रीत चहा घेताना त्याला विचारले, "हबीबी, आपके ससुरजी की तबियत ठीक है ना? सुना है कोर्ट-कचहरी चल रही है." एवढेच. मग ते कप धुऊन निघून गेले.

नितीनने हे मला सांगितले तेव्हा त्याने त्यांच्या आवाजाची नक्कल केली. मी कान देऊन ऐकले. ती धमकी होती की आपुलकी, मला ठरवता आले नाही. त्यालाही आले नव्हते. माणसाच्या व्हिसावर पत्नी, मुलगी आणि सासरे ह्या देशात राहत असतील, तर अशा वाक्याने झोप जायला ते धमकी असावे लागत नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊंनी सगळ्यांना जेवणाच्या टेबलापाशी बसवले. कागद घेऊन मीही होते.

"उद्या मी बोलणार," ते म्हणाले. "त्याच्या आधी विचारतो. कोणाले काही ऐकू येते का? काहून ते मी विचारणार नाही."

स्मिता नवऱ्याकडे नव्हे, वडिलांकडे पाहत होती. "बाबा, तुम्ही बोला. आमचं बघू आम्ही."

"तुले एकटीले नाही विचारलं. सगळ्यांले विचारलं."

नितीन पाण्याचा ग्लास फिरवत होता. तो पुण्याचा, खाण त्याने कधी पाहिलेली नाही. त्याला ते शब्द उच्चारणेही अवघड गेले.

"चाल बोलली, बाबा," तो म्हणाला.

स्मिता म्हणाली, "नितीन."

"खलास," भाऊ म्हणाले. "त्याले काही म्हणाचं नाही. सई, तुह्या बापाले चहा ठेव. पहिला त्याले."

सई उठली. तिने काही विचारले नाही. नितीन रडत होता. भाऊंनी वकिलांना फोन करून पुढची तारीख घ्यायला सांगितले. हे सारे संपले असे मला वाटले. खरे सांगायचे तर मला बरेही वाटले.

मी रीतीचा उरलेला भाग विसरले होते. चहा झाल्यावर टेकू लावायचे असतात.

भाऊंनी महिन्याभरात नितीनच्या नावावरचा आपला व्हिसा रद्द करून घेतला आणि ते विदर्भात परतले. ते आता खाणीच्या कॉलनीत एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी राहतात. ह्या घरातून, ह्या देशातून, जावयाच्या छताखालून आपण बोललो असे कोणाला म्हणता येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. तो टेकू किती भार सोसेल ते आम्हाला माहीत नाही. नितीनची नोकरी आज आहे. तो दर रविवारी रात्री फुजैराला निघतो तेव्हा स्मिता दारात उभी राहते. वरिष्ठ अजूनही पँट्रीत चहा घेतात. त्यांनी पुन्हा काही विचारलेले नाही, आणि त्याचीही नितीनला भीती वाटते.

भाऊंनी तिथे न्यायाधिकरणात उभे राहून साक्ष दिली. वर्गणी टनामागे का ठरवली, ह्या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे नोंदले गेले आहे: "मालकाच्या माणसांनी तेव्हा विचारलं होतं, माणसांमागे का नको? आम्ही म्हटलं, चाल पडते तेव्हा हजेरीपटात नाव पाहत नाही. खाली जो असेल तो मरतो. म्हणून कोळसा मोजा. त्यांनी ते मान्य केलं."



साक्ष झाली, परंतु उलटतपासणी व्हायची आहे. ती पुरी झाल्याखेरीज ह्या साक्षीचा भरवसा धरता येणार नाही, असे आमचे वकील सांगतात. कंपनीचे वकील तारखा मागतात आणि तारखा मिळतात. कधी ते आजारी असतात, कधी कागद यायचे असतात. ते घाईत नाहीत. भाऊंच्या फुप्फुसात खाणीची धूळ आहे, हे वैद्यकीय दाखल्यासह त्यांच्याकडे दाखल आहे.

सई रोज संध्याकाळी आजोबांना फोन करते. "आजोबा, कफ? टेल मी द ट्रुथ." ते खोकला आवरून बोलतात. ते तिला कळते. ती फोन ठेवून आपल्या खोलीत जाते.

हा लेख छापण्यापूर्वी मी नितीनला वाचायला दिला. त्याने दोन वाक्ये काढायला सांगितली. मी काढली. का, ते विचारले नाही.

समारंभाला भाऊ पडद्यावरूनच हजर असतील. गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारले, मंडळाने तुम्हाला काय द्यावे? ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "बाई, मी मराले भेत नाही. तारखेच्या आधी मराले भेतो."

अशा प्रसंगी दीर्घायुष्य चिंतायची पद्धत आहे. ते सहसा शिष्टाचार म्हणून चिंतले जाते. भाऊंच्या बाबतीत कॉलनीतल्या कित्येक घरांची औषधे त्यावर अवलंबून आहेत, आणि हे आमच्याइतकेच दुसऱ्या बाजूलाही ठाऊक आहे. म्हणून आम्ही भीत भीत, पण अगदी नेमके मागतो. भाऊंनी पुढच्या तारखेला हजर असावे. ती पुढे ढकलली गेली तर तिच्या पुढच्या तारखेलाही असावे. उलटतपासणीचा शेवटचा प्रश्न विचारून होईपर्यंत त्यांच्या छातीत श्वास पुरेसा असावा. आणि मग त्यांनी इथे यावे, अल कुसैसच्या त्या खोलीचे छत काठीने ठोकून पाहावे, आणि आवाज भरीव आला तर खुर्च्या पुढे घ्यायला सांगाव्यात.