मायच्या पायातला जोड

माझ्या मायच्या पायातून निघालेल्या बुटांत दुकानदारानं फवारा मारला.

आधी उजव्यात. मग डाव्यात. बाटली निळी होती. वास गोड होता. माय समोरच्या बाकावर बसली होती, उघडे पाय साडीखाली ओढून घेत.

"पेटीतला दुसरा जोड काढ," तो आतल्या माणसाला म्हणाला. "कुणी न घातलेला."

माय उठली. तिनं त्याच्या हातातला बूट घेतला आणि पदराच्या टोकानं आतून पुसायला लागली.

"चुकलं साहेब," ती म्हणत होती. "पाय धुऊनच आले होते म्या. साबणानं धुतले होते."

निराला बाजारातलं मोठं, चकचकीत दुकान. शनिवारची संध्याकाळ. भरपूर गिऱ्हाईक. माझी माय कशाची माफी मागतेय, हे त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आम्ही त्या दुकानात कशाला गेलो होतो ते सांगते.

माझी माय ठेकेदाराकडं झाडूवाली आहे. मला कळायला लागल्यापासून ती या शहराचे रस्ते झाडते. तेव्हा तिच्याकडं एका कॉलनीच्या गल्ल्या होत्या. पायात कायम रबरी चप्पल. आमचे सगळे सोयरे याच कामात. आमची जात कुणी विचारत नाही. हातात झाडू दिसला की लोक आपल्या मनानं ठरवून मोकळे होतात. मी तेवढी शिकले. एका दवाखान्यात एक्स-रे काढते.

हिवाळ्यात मायची टाच दुखायला लागली. सकाळी उठली की भिंत धरून मोरीपर्यंत जायची. विचारलं की म्हणायची, "काय नाय गं, थंडीनं आखडलंय." शेवटी बळंच दवाखान्यात नेली. तिच्या पायाचा एक्स-रे मीच काढला. टाचेच्या हाडाला काट्यासारखं टोक आलेलं.

डॉक्टर म्हणाले, "असल्या पायावर तुम्ही रस्ते झाडत होता?"

माय हसली. जशी काय तारीफच केली तिची.

"रबरी चप्पल बंद," डॉक्टर म्हणाले. "मऊ, जाड तळाचे बूट घ्या. पळायचे असतात ना, तसले."

बाहेर आल्यावर माय म्हणाली, "पळायचे? आता या वयात म्या कुठं पळू गं?"

पण तिला हौस आली होती. मला कळलं. शनिवारी कामावरून आल्यावर तिनं दगडानं टाचा घासल्या, पाय धुतले, ठेवणीतली साडी नेसली.

दुकानात आधी सगळं बरं झालं. बूट दाखवणारा माणूस चांगला होता. "मावशी, आराम से," म्हणत त्यानं खाली बसून लेस बांधून दिली. राखाडी बूट, कडेला गुलाबी रेघ, तळ पावासारखा फुगलेला. माय उभी राहिली. खाली बघितलं.

"अगं, जमीन लागंना की!"

दुकानाच्या मधोमध लाल पट्टा अंथरला होता, बूट घालून पळून बघायला. आमच्या आधी कॉलेजातली एक पोरगी त्यावर पळत होती. घामेजल्या पायानं एक जोड काढायची, दुसरा घालायची. ती बाजूला झाल्यावर मायनं मला हळूच विचारलं, "म्या जाऊ?"

आणि गेली. आधी दबकत. मग जरा भराभर, एका हातानं निऱ्या उचलून. पट्ट्याच्या टोकाला आरसा होता. त्यात तिला स्वतःलाच येताना बघून इतकं हसू आलं की तिनं तोंडाला पदर लावला. माझ्या मायला मी कधी असं बघितलं नव्हतं. तिथून ती वळली आणि चक्क दुडकी पळत माझ्याकडं आली.

"अगं शांता, तू?"

माय झाडायची त्या गल्लीतल्या बंगल्यातली बाई होती. वयानं मायहून लहान. माय होती तिथंच थांबली.

"व्हय बाईसाहेब."

"तू कशाला नवे घेतेस गं? आमच्या रोहनचे पडलेत ना जुने. सोमवारी गेटला अडकवून ठेवते." मग दुकानदाराकडं वळून, हसत, "आमच्या गल्लीतली झाडूवाली आहे. फार प्रामाणिक." मग मायच्या पायाकडं बोट करून, "मलापण हेच दाखवा. हा जोड नको हं पण. दुसरा."

दुकानदार उठेपर्यंत माय बाकावर बसून लेस ओढायला लागली होती. गाठ सुटंना. घाईत तिनं पायावर पाय दाबून बूट उपसला. दुखरी टाच, तरी तोंडातून हूं की चूं नाही. मग तो फवारा.

मी मायच्या हातातून बूट घेतला.

"पुसू नको, माय."

मग दुकानदाराला विचारलं, "आत्ता ती पोरगी पळत होती. तिनं काढलेल्या बुटात मारला का फवारा?"

"मॅडम, स्वच्छता ठेवावी लागते..."

"मारला का?"

त्यानं निळी बाटली काउंटरखाली सरकवली. लेस बांधून देणारा माणूस फळीकडं तोंड करून बूट सारखे करत राहिला.

"शांता, तुझी मुलगी का ही?" बाई म्हणाली. "केवढी रागीट गं!"

"शांताबाई म्हणा," मी म्हणलं. "आणि आम्हाला हाच जोड पाहिजे. तिनं घातलेला. हाच."

तोच जोड घेऊन आम्ही निघालो. मला वाटलं, जिंकलो. रिक्षात बघते तर माय रडत होती. मला वाटलं, अपमान झाला म्हणून.

"उद्या काम गेलं तर?" ती म्हणाली. "बाईसाहेबाला असं बोलतात का? लई शिकलीस तू."

बूट कपाटावर गेले. माय रबरी चपलेतच कामाला जायची. मी भांडले की म्हणायची, "मळतील ना गं."

मग एका दुपारी मी लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं. माय खाटेवर बसून नवा बूट घालत होती. पायाला आधी पिशवी गुंडाळलेली. भाजीवाला देतो तसली पातळ, पांढरी. घोट्याला वरून रबर लावलेलं.

"हे काय, माय?"

ती दचकली. "आतून नवा राहतो," म्हणाली.

तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरात कुणीही नव्हतं. ना दुकानदार, ना बाईसाहेब. माझी माय आणि तिचे पाय. ज्या पायांवर तिनं मला वाढवलं, त्यांचीच तिला शिसारी बसली होती. मी उंबऱ्यातच बसले आणि हुंदके देऊन रडले. माय बिचारी मलाच पाणी आणायला उठली, तशीच, पिशवीत पाय घसरत.

पुढच्या सोमवारी ती रोहनचे जुने बूट घालून घरी आली. ढगळ, पुढं चिंध्या कोंबलेल्या, तळ झिजून लाकडासारखा. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यात काहीच नव्हतं. पण त्यात तिचा पाय बिनघोर गेला. पिशवी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते बूट घेऊन त्या बंगल्यावर गेले. बाईनं दार उघडलं.

"अगं, मी चांगल्या मनानं दिले होते."

"माहीत आहे," मी म्हणलं. "वाईट मनानं दिले असते तर मायनंच घेतले नसते."

बूट पायरीवर ठेवून आले.

आठवड्याभरात ठेकेदारानं मायची गल्ली बदलली. लांब, नाल्याकाठी, झाडाची सावली नाही. कुणाचा फोन गेला ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. माय कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. अजून लंगडते. तिच्या आत इतक्या वर्षांत जे भरलं गेलं, ते माझ्या बोलण्यानं निघणार नाही. बहुतेक कधीच निघणार नाही. रात्रंदिवस माझा जीव तुटतो तो यानं.

पण मी महापालिकेत जाऊन एक विचारून आले. झाडणाऱ्या बायकांना कामाचे बूट ठेकेदारानं द्यायचे असतात. उपकार म्हणून नाही. करारात लिहिलेलं आहे. मायच्या सोबतच्या बायकांना मी हे सांगितलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणींनी आपापल्या टाचा मला दाखवल्या.

आता आम्ही ठेकेदाराच्या ऑफिसासमोर जाऊन उभ्या राहतो. पहिल्यांदा तो हसला. म्हणाला, "तुमच्या पायांचं माप कुणाला माहीत आहे, बाई?" तर बायकांनी चपला काढल्या आणि भेगाळलेले पाय त्याच्या उंबऱ्यावर ठेवले. घे म्हणल्या माप. तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

माय येत नाही. "मला त्यात ओढू नको," म्हणते. नाही ओढत. तिच्या जागी मी उभी राहते. कुणी विचारलं, तू दवाखान्यातली, तुझं इथं काय काम, तर सांगते, शांताबाईची पोरगी आहे.

बूट मिळेपर्यंत उभी राहणार. मिळाले तरी माय ते घालंल का नाही, ठाऊक नाही. पायांची लाज मायनं घेतली, तिच्या मायनंही घेतली असंल. मी घेणार नाय.