भावजींचा नंबर बत्तीस हजार सातशे सदुसष्ट

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात आमच्या धाकट्या भावजींइतका सरळ माणूस सापडायचा नाही, आणि सरळ माणसाइतका घरात दुसरा ताप नाही, हे मी सोळा वर्षांच्या अनुभवानं सांगते. भावजी म्हणजे माझे दीर. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीच्या काट्यावर मापाडी आहेत. पोतं काट्यावर चढलं की वजन मोठ्यानं पुकारायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं, एवढंच त्यांचं काम. पण ते काम संध्याकाळी मोंढ्यातच ठेवून घरी येतील तर शपथ. माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली की "साडेतीन, पिशवीसकट" म्हणणारच. माझ्या मुलीच्या बारशाला बाया पाळण्याभोवती जमल्या होत्या, नाव ठेवायची घाई चालली होती, आणि या गृहस्थांनी लेकरू दोन्ही हातांवर तोलून "तीन किलो दोनशे, दुपट्यासकट" असं मोंढ्यात पुकारतात तसं पुकारलं. माझी आई पहिल्यांदा आमच्याकडं आली तेव्हा त्यांनी वाकून नमस्कार केला, वर बघितलं आणि अदबीनं म्हणाले, "एकसष्ट." आई पुढं दोन वर्षं आली नाही.

अंगणात छपराखाली त्यांनी मोंढ्यातून मोडीत निघालेला एक तबकडीचा काटा आणून ठेवलाय. शंभर किलोपर्यंत आकडे आहेत आणि शंभराच्या पुढं एक खिळा आहे, सुई त्याला जाऊन टेकते. भावजींचं सगळं तत्त्वज्ञान त्या खिळ्यात आहे. सुई टेकली की काट्याचं ऐकायचं नाही, कारण वर शंभर असोत की तीनशे, तो बिचारा शंभरच सांगणार. आपल्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे ज्ञान चहाच्या आधी मिळतं.

दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही हा त्यांचा दुसरा नेम. एकदा शेजारच्यांचं पोस्टकार्ड चुकून आमच्या दारात पडलं. पोस्टकार्ड, म्हणजे सगळ्या गावानं वाचलं तरी चालतं असली वस्तू. भावजींनी ते पालथं उचललं, वर तळहात झाकला आणि पेटता निखारा न्यावा तसं शेजारी नेऊन दिलं. आत काय होतं विचारलं तर म्हणाले, "मला काय माहीत? माझं होतं का ते?" मला माहीत होतं. मी खिडकीतून वाचलं होतं.

आणि तिसरा नेम सासूबाईंनी घालून दिलेला. स्थळ नाकारायचं असेल तर त्या घरी स्वतः जायचं, गुळाचा खडा हातावर ठेवायचा आणि योग नाही म्हणून सांगायचं. गप्प बसून कोणाला झुलवत ठेवायचं नाही. सासूबाई गेल्या, आता गूळ घेऊन कोणी कोणाच्या दारात जात नाही. पण भावजींच्या हिशोबी सगळं जग अजून तसंच चालतं. म्हणजे बघा, ते आता एक्केचाळीस वर्षांचे. आमच्याकडं मोंढ्यात काम करणाऱ्याला मुलगी देणारा बाप शोधून सापडत नाही. तरी दोन-चार घरची माणसं येऊन बघून गेली, पोहे खाऊन गेली, आणि पुन्हा हूं की चूं नाही. एका घराची तर यांनी अकरा महिने वाट बघितली. "नकार असता तर कळवला असता, वहिनी," हे मी अकरा महिने ऐकलं. शेवटी त्या मुलीच्या बाळाच्या बारशाचं आमंत्रण आलं तेव्हा गाडी थांबली. भावजी त्या बारशालाही गेले. वजन पुकारून आले.

माझं एसटी स्टँडाजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विम्यापासून परीक्षेच्या फॉर्मपर्यंत गावाची सगळी कामं माझ्या बोटांखालून जातात, तर दिराचं लग्न काहून जाऊ नये, म्हणून दिवाळीनंतर एका वधू-वर संकेतस्थळावर मी त्यांचं नाव घातलं. फोटो टोपीतला, पासपोर्टचा. दुसरा काढून घ्या म्हटलं तर म्हणाले, टोपी रोज असती, मंग फोटोतून काहून काढायची? सदस्य क्रमांक मिळाला बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. माणूस आकड्यांचा, त्यांना तो नंबर फार आवडला. हमालांना, व्यापाऱ्यांना, चहावाल्याला सांगत सुटले.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मी सकाळी खातं उघडलं आणि खुर्चीतच बसून राहिले. एकतीस निरोप. दुसऱ्या दिवशी चोवीस. दोन आठवड्यांत दोनशे चौदा! माझ्या दुकानात चाळीस वर्षांचे, चार-चार एकरवाले, चांगले धडधाकट बाप्ये रोज रडत येतात की एकसुद्धा निरोप येत नाही, आणि आमच्या टोपीवाल्या भावजींवर अख्खा मराठवाडा भाळला? मी घरी धावत गेले, नवऱ्याला सांगितलं, त्यांच्या हातातला तांब्याच पडला.

मग आम्ही वाचायला बसलो आणि जास्तच हादरलो. पहिल्या मुलीच्या वडलांना भावजींचा बुलेटवरचा फोटो आवडला होता. भावजींना सायकलसुद्धा धड येत नाही. दुसऱ्यांनी जनावरांच्या डॉक्टरला पगार किती असतो ते विचारलं होतं. तिसरा निरोप परभणीकडच्या एका आजीचा होता आणि तो मी तीनदा वाचला. 'मुलगी दिसायला छान आहे, केस लांब आहेत. स्वयंपाक येतो ना? साडी नेसवून एक फोटो पाठवा.' भावजींनी पडद्याकडं बघितलं. मग टोपी काढून डोक्यावरनं हात फिरवला. केस होतेच कुठं? मला हसू येऊन राहिलं होतं आणि भीतीही वाटून राहिली होती, कोणी चेष्टा तर करत नसेल ना.

वीसेक निरोप वाचून झाल्यावर त्यांनी मला थांबवलं. हे आपले नाहीत, लोकांचे आहेत, आता वाचायचे नाहीत. मी एकटी वाचते म्हटलं, तर तेही नको म्हणाले. ज्यांचे फोन नंबर होते त्यांतल्या नऊ जणांना त्यांनी मोंढ्यातनं फोन केले आणि एकच प्रश्न विचारला, तुम्ही कितव्या नंबरच्या माणसाला निरोप धाडला होता? संध्याकाळी चिठ्ठी घेऊन आले. बत्तीस हजार नऊशे चार. तेहेतीस हजार एकशे वीस. चौतीस हजार अमुक. "माझ्या खालचा एक बी न्हाई, वहिनी," ते म्हणाले. "सगळे वरचेच."

मग मला अंगणात नेलं आणि तबकडीच्या काट्यावर दोन पोती ठेवली. सुई खिळ्याला टेकली. तिसरं ठेवलं. सुई तिथंच.

"काटा टेकलाय त्यांचा," भावजी म्हणाले. "अन् मी खिळ्यावर बसलोय."

माझ्या अंगावर काटा आला. मी, गावाचे फॉर्म भरणारी, दोन आठवडे आनंदानं नाचत होते, आणि जो माणूस मोबाइलवर एका बोटानं टाइप करतो त्यानं हे ओळखलं. संकेतस्थळाच्या मालकांना फोन लावला. आधी ते हसले, मग त्यांनी त्यांच्याकडं काहीतरी उघडून बघितलं. म्हणाले, बाई, बराबर आहे तुमच्या दिरांचं. सदस्यांची यादी ठीक होती, कितीही नंबर लिहा. पण निरोपांच्या वहीत, निरोप कोणाला द्यायचा त्याचा नंबर लिहायचा रकाना त्यांनी फार लहान ठेवला होता. संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतात, त्या रकान्यात त्यांची सोळा घरं, त्यातलं एक अधिक-उण्याच्या खुणेला गेलं, आणि उरलेल्या पंधरा घरांत मोठ्यात मोठा आकडा मावतो तो बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. त्याहून मोठा आला की संगणक मुकाट्यानं तोच लिहून मोकळा. सुरुवातीला वाटलं होतं हजारभर नावं आली तरी डोक्यावरून पाणी, असं म्हणाले. मी म्हटलं, अहो पण एवढ्या लोकांना निरोप मिळाले नाहीत, एकानंही तक्रार केली नाही? तर म्हणाले, बाई, आपल्याकडच्या पोरांना निरोप न येण्याचीच सवय आहे, तक्रार कोण करतं.

रकाना त्यांनी त्याच दिवशी मोठा केला. पण जुन्या निरोपांचे खरे नंबर पुसलेच गेले होते, ते आता फक्त पाठवणाऱ्यालाच माहीत. भावजींना त्या रात्री जेवण गेलं नाही. दोनशे घरची लग्नं आपल्या अंगावर येऊन अडली, लोक आपल्या उत्तराची वाट बघून राहिले, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मोंढा सुटला की माझ्या दुकानात येऊन बसायचे. निरोप वाचला जाऊ नये म्हणून पडद्यावर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा धरायचे, वर नाव तेवढं दिसेल असा, आणि एका बोटानं प्रत्येकाला तेच लिहायचे. 'हे पत्र माझं नव्हे. ज्याचं असेल त्याला परत पाठवावं. राग मानू नये, गुळाचा खडा समजावा.' मी म्हटलं, सगळ्यांना एकदम पाठवता येतं, एक बटन दाबते. नको म्हणाले, गूळ ज्याच्या त्याच्या हातावर ठेवावा लागतो. नऊ दिवस लागले. दोनशे चौदा वेळा पुठ्ठा वर आणि खाली.

लोकांनी निरोप परत पाठवले. जो निरोप मार्गी लागला तो संकेतस्थळाचे मालक भावजींच्या पेटीतून काढून टाकत. जनावरांच्या डॉक्टरचं तर माघात लग्नही ठरलं, त्यानं पेढे धाडले. भावजींनी पुडा हातात घेऊन "पाचशेला वीस कमी" म्हटलं आणि खूश झाले. मीही खूश होते, एवढं सोन्यासारखं काम केलं माझ्या दिरानं. होळीच्या सुमारास पेटी उघडली तर एकच निरोप उरला होता. हा कोणाचा राहिला, त्याला फोन करू, म्हणून मी तो उघडला.

'मी स्वतः लिहीत आहे. घरी कोणाला सांगितलेलं नाही. दोन वर्षांमागं माझ्या वडलांची हळद तुम्ही मापली होती. काटा अडकला होता. व्यापारी चला म्हणत होता, तरी तुम्ही पोतं उतरवून पुन्हा चढवलं. मी ट्रॉलीपाशी उभी होते. टोपीवरून तुम्हाला ओळखलं. माझं वय छत्तीस आहे, डावा पाय थोडा अधू आहे. तुमचा विचार असेल तर कळवा. नसेल तरी कळवा.'

खाली भावजींचं उत्तर होतं. हे पत्र माझं नव्हे. आणि त्याच्याखाली संकेतस्थळाची ओळ, या सदस्यानं खातं बंद केलं आहे.

समोर लोक फॉर्म घेऊन उभे होते, त्यांना मी जा म्हटलं. भावजी आले तेव्हा मी पडदा त्यांच्याकडं वळवला. सवयीनं त्यांनी पुठ्ठा उचलला. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, भावजी, हे वाचा, हे तुमचं आहे. त्यांनी एकदा वाचलं. मग मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग बाकावर बसले आणि टोपी मांडीवर ठेवली.

"दोनशे तेरा पोती लोकांची होती," ते म्हणाले, "म्हणून चौदावं बी न मापता सारलं मी."

मी रडले, खोटं काहून बोलू. आणि चिडलेही, त्या रकान्यावर, त्या पुठ्ठ्यावर, यांच्या सरळपणावर. मी वाचते म्हणत होते ना? त्यांनी ऐकून घेतलं. पुढचे चार दिवस त्यांनी मोंढ्यातल्या जुन्या चिठ्ठ्यांची पुस्तकं उपसली. माणसाचा चेहरा त्यांना आठवत नाही, पण दोनदा चढवलेलं पोतं आठवतं, बावन्न किलो सहाशे. चिठ्ठी सापडली. कळमनुरीकडचं गाव, वडलांचं नाव. म्हटलं, उद्याच्या गाडीनं जाऊ, मी येते. ऐकलं नाहीत. नकार आपण कळवलाय, आता तिच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं, आधी चिठ्ठी जाऊ द्या, बोलावलं तर जाऊ. पाकिटात घालून चिठ्ठी धाडली. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही आणि मीही, देवाशपथ, वाचलं नाही.

याला आता आठ महिने झाले. मला जग माहीत आहे. छत्तीस वर्षांच्या लेकीला घरचे किती दिवस थांबवतील, की चिठ्ठी भलत्याच्याच हाती पडली, हे सगळं माझ्या मनात येतं. भावजींच्या येत नाही. रोज मोंढा सुटला की दुकानात डोकावतात, काही आलं का विचारतात, आणि मी मान हलवली की माझीच समजूत घालतात. "नसेल तरी कळवा म्हणणारी बाई हाय ती, वहिनी. नकार असता तर गूळ आला असता."

परवा शेजारच्या काकू माहेराहून आल्या आणि नव्या गुळाची वाटी माझ्या हातावर ठेवून गेल्या. भावजींची यायची वेळ झाली होती, फाटक वाजलंही. मी वाटी पदराखाली घेतली, आत गेले आणि डाळीच्या डब्यामागं ठेवून दिली.