फाटकावरचा पहारा

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि अकोटला घर केलं. हातावर हात धरून बसणं मला जमत नाही. छप्पर नसलेला माजी सैनिक दिसला की त्याला खोली मिळवून द्यायची, हे काम मी आपणहून अंगावर घेतलं.

नाईक शेख हनीफ माझ्याच पलटणीतला, अचलपूरचा. जिनिंगमध्ये चौकीदार होता, राहायचाही तिथेच. कापसाची आवक आटली, जिनिंग बंद पडली, नोकरीबरोबर खोलीही गेली. बायको आधीच वारलेली. मला तो एसटी स्टँडच्या बाकावर सापडला. शिवणकाम करणाऱ्या कौसल्याबाईंच्या घरामागची खोली त्याला मिळवून दिली. खोली मिळते हो. घोडं पेंड खातं ते टिकवण्यात.

पहिल्याच आठवड्यात बाईंचा निरोप आला, ताबडतोब या. गेलो तर हनीफ फाटकाशी काठी घेऊन सावधान उभा.

"सुभेदार भाऊ, याले आत्ताच्या आत्ता घेऊन जा," बाई कडाडल्या. "दूधवाल्याले अडवलं, मी काही बोलली नाई. आज पोरीले पाहाले पाहुणे आले, तं त्यायच्यावर काठी रोखली यानं! फाटकातूनच वापस गेले ते."

माझं डोकं तापलं. ही खोली गेली, तर गावात दुसरी कोणी देणार नव्हतं.

"हनीफ! कावून उभा हायेस इथं?"

"बदली नाई आली, साब. दिगंबर येऊन राहिला."

लान्सनाईक दिगंबर आमच्याच पलटणीतला, चांदूर रेल्वेचा. सीमेवर एका पोस्टवर हनीफ पहाऱ्याला होता आणि त्याला मोकळं करायला दिगंबर चढून येत होता. वाटेतच त्याच्यावर तोफेचा गोळा पडला, जागीच गेला. हनीफने वरून सगळं पाहिलं, पण पोस्ट सोडायची नाही असा हुकूम होता. दुसऱ्या दिवसापर्यंत तो तसाच उभा राहिला.

दटावून उपयोग नव्हता. घरी गेलो. बूट चढवले, जुनी बेरे टोपी घातली आणि कवायतीच्या चालीत परत आलो. अख्खी गल्ली बघत होती. लाजही वाटली.

"थम! कौन आता है?"

"दोस्त. पहारा बदली करने आया हूँ."

"दिगंबर किधर है?"

"दिगंबर नहीं आएगा. मैं आया हूँ."

हनीफने टोपीपासून बुटांपर्यंत मला न्याहाळलं. मग काठी माझ्या हातात दिली.

"पोस्ट पर सब ठीक है, साब."

खोलीत गेला आणि बुटांसकट आडवा झाला. थोड्या वेळाने बाई डोकावून आल्या.

"लेकरावानी झोपला," त्या म्हणाल्या. "राहू द्या त्याले. पाहुण्यायले मी सांगीन समजावून. पन उद्या पुन्हा उभा राहिला तं?"

"उद्याही मी येईन. परवा आमच्यातला दुसरा कोणी येईल."

हनीफ अजून त्याच खोलीत राहतो. रोज संध्याकाळी आम्हा माजी सैनिकांपैकी एकजण जाऊन त्याचा पहारा बदलतो. माझी पाळी असली की फाटकाशी उभ्या उभ्या दिगंबर आठवतो. पहाऱ्याची वेळ व्हायच्या आधीच तो हजर असायचा. "जा लवकर, चहा गरम हाये," म्हणायचा. एकदाही उशिरा आला नाही बिचारा.