वॉर्डातून निघताना

लहान मुलांच्या वॉर्डात ती संशोधनाचं काम करते. घरी सोडलेलं मूल थोड्याच दिवसांत पुन्हा भरती झालं, की आईबापांना कारण विचारायचं. माझ्या लेकीला दमा आहे, त्यामुळे आमची गाठ पडतच राहते. नाव मात्र मी विचारलेलं नाही. विचारलं तर इथली ओळख पक्की होईल, अशी धास्ती वाटते.

"घरी मिरची कुटली काय जी? पंप देऊन राहिले ना बराबर?" असं विचारताना ती माझ्याकडे बघत नाही, लेकीच्या बरगड्यांकडे बघते. आवाजात ठपका नसतो, तरी मी न विचारलेल्याचाही खुलासा देत सुटतो.

तिचा एक हट्ट आहे. सुट्टी मिळालेलं कुणी सवयीनं "येतो" म्हणालं, की ती फटकारते, "इथून निघताना येतो नाही म्हणत जी. जातो म्हणा!" घरून निघताना मी असं बोललो असतो, तर आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला असता.

परवा लेकीला सुट्टी झाली. "जातो," मी आठवणीनं म्हणालो. ती फोनवर होती. हात हलवत बोलून गेली, "या बरं!"

ऑटोवाल्याला घरी, जरीपटक्याला जायचं सांगून आम्ही बसलो, तोच ती फाटकापर्यंत धावत आली. ऑटोचा दांडा धरून, धापा टाकत लेकीला म्हणाली, "जा वं माय, जा. आता येऊ नको."

ऑटो निघाला, ती मागे राहिली, तरी धाप ऐकू येतच होती. मी लेकीच्या छातीला कान लावला.