नोलाच्या नावाची गोगलगाय

क्लॅरी ट्रेवेनानं चाळीस वर्षं शाळेची बस चालवली आणि तेवढीच वर्षं सुट्टीच्या दिवशी पोत्यांत चिखल भरून घरी आणला. आमच्या ऑस्ट्रेलियातल्या हॅमिल्टनच्या नदीकाठच्या मातीत जुन्या समुद्राचे शंख पुरलेले आहेत, तांदळाच्या कणीएवढे. क्लॅरी चिखल चाळणीत धुवायचा, वाळवायचा, ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक शंख उचलायचा, पुस्तकात बघून त्याची जात ठरवायचा आणि काडेपेटीत ठेवायचा. घरात अकराशे काडेपेट्या, पण शेगडी पेटवायला एक काडी नाही, ही त्याच्या बायकोची, नोलाची, जुनी तक्रार.

आमच्या जीवाश्म मंडळाचा मी चिटणीस. मंडळात सात माणसं, त्यातली चार एकमेकांशी बोलत नाहीत, तेही एका शंखाच्या जातीवरून.

नऊ वर्षांपूर्वी क्लॅरीला एक गोगलगाय सापडली, कुठल्याच पुस्तकात नसलेली. तपकिरी, गुळगुळीत. मग ती त्याला जिथे तिथे सापडायला लागली. टॉर्कीच्या गाळात, मॉर्निंग्टनच्या गाळात, बेअर्न्सडेलच्या गाळात. थर दोन कोटी वर्षांचा असो की पन्नास लाखांचा, बाई हजर! आम्ही तोच चिखल न्यायचो, आम्हाला एकही मिळायची नाही.

"त्याला नजर असावी लागते," क्लॅरी म्हणायचा. आणि आम्ही गाढवं मान डोलवायचो.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी त्यानं जाहीर केलं, की या नव्या जातीला बायकोचं नाव द्यायचं.

"चाळीस वर्षं तुझे चिखलाचे मोजे धुतले, आणि माझं नाव गोगलगाईला?" नोला कडाडली. "तुझ्या बहिणीचं दे की, शोभेल तरी!"

पण आठवड्याभरात बोल्स खेळायच्या क्लबातल्या सगळ्या बायकांना कळलं होतं, की नोला ट्रेवेना आता विज्ञानात जाणार. तिनं नवा कोटसुद्धा शिवून घेतला.

नाव पक्कं व्हायला तज्ज्ञाची मान्यता लागते. मेलबर्नहून डॉक्टर हेस्टर क्विगली आल्या, तेव्हा क्लॅरीला काय सुचावं? बाईंच्या डोळ्यांदेखत ताजा चिखल धुऊन त्यातून ती गोगलगाय काढून दाखवायची! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं अंगणात चाळणीत चिखल धुतला, पाच मिनिटांत एक गोगलगाय ब्रशवर उचलली, आणि क्विगलीबाईंनी ती बशीतल्या पाण्यात ठेवून भिंगाखाली धरली. आम्ही लॅमिंग्टन केक खात उभे होतो.

बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"क्लॅरी, ही किती जुनी म्हणालात?"

"दोन कोटी वर्षं. कमीत कमी."

"मग आज जरा पाय मोकळे करतेय."

मी वाकून बघितलं. दोन शिंगं बाहेर काढून गोगलगाय बशीभर फिरत होती.

"चिखल कुठल्या पाण्यानं धुता?" बाईंनी विचारलं.

"टाकीच्या. छपरावरचं पावसाचं पाणी. नळाच्या पाण्यातलं औषध शंखांना नको म्हणून..." क्लॅरीचं वाक्य तिथंच अडलं.

टाकीचं झाकण उघडलं. आतल्या भिंतीवर दोन कोटी वर्षं जुन्या सगळ्या गोगलगाई आरामात चरत होत्या. आमचा चहा याच पाण्याचा होता. मंडळाच्या खजिनदारानं कप हळूच कुंडीत ओतला.

"साधी गोगलगाय आहे," क्विगलीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हिला नाव कधीच दिलेलं आहे."

क्लॅरी पालथ्या बादलीवर बसला आणि सगळ्यांदेखत रडायला लागला. मला त्याची फार दया आली.

"मम्मी," तो नोलाला म्हणाला, "तुझं नाव देणार होतो गं. गेलं सगळं."

नोला बशीशी गेली. चाळीस वर्षांत तिनं भिंगाला डोळा लावलेला मी कधी पाहिला नव्हता. ती बघत राहिली, कोट सांभाळत.

"गोड आहे की रे," ती म्हणाली. "हिला मेलेल्यांत काढून वर माझं नाव लिहिणार होतास?"

"मग मी तुझ्या नावाचं काय करू?"

"वापर! मुलं झाल्यापासून मला मम्मी म्हणतोयस. मुलं ब्रिस्बेनला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी मी आपली मम्मीच. माझं नाव तुझ्या तोंडून शेवटचं पाद्र्यासमोर ऐकलंय मी."

क्लॅरी बादलीवरून उठला, दोनदा खाकरला, तिच्याकडे बघायचं धाडस होईना म्हणून टाकीकडे बघितलं, आणि लाजत, अडखळत, त्यानं तिला नावानं हाक मारली.

"ओ," नोला म्हणाली.