खोबरेल लावलेली ग्रिप

मोटरसायकलचं हँडल मी स्वतः बदललं, हे वाक्य मी महिनाभर तोंडात घोळवत होतो. हँडल बदलायच्या आधीपासून.

आमची क्रूझर सेकंडहँड. घेतल्यापासून बायको तिच्यावर एकदाही बसली नव्हती. हँडल लांब आणि मध्ये माझं पोट. "टेबलाच्या त्या टोकाची लोणच्याची बरणी ओढायला वाकल्यासारखा दिसतोस. मी मागे बसून धरू काय?" ती म्हणायची. शेवटी म्हणाली, जवळ येणारं हँडल बसव, मग बसते. लगेच ऑर्डर केलं.

रविवारी सकाळी गॅरेजमध्ये बसलो. इकडे अमेरिकेत, प्लेनोतल्या उन्हाळ्यांनी हँडलच्या मुठींवरच्या जुन्या ग्रिपांचं रबर पार वितळवलं होतं. हात लावला तर कुणीतरी चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखं काळं चिकट बोटांना आलं. ते मी पँटला पुसलं, मग चष्म्याला, मग कपाळाला. शिसारी आली. मुलगी दारात डोकावली.

"ईऽऽ बाबा, दॅट्स सो ग्रोस."

"अगं, टॉवेल दे."

"नॉट माय टॉवेल!"

नवं हँडल चार बोल्टांत बसलं. केबल्स पुरल्या. इथवर मी मेकॅनिक होतो. मग नव्या ग्रिपा चढेनात. फोनवर व्हिडिओ लावला. व्हिडिओवाला म्हणाला, आत हेअरस्प्रे मारा, ढकला, तो वाळला की ग्रिप पक्की बसते. मोटरसायकलला हेअरस्प्रे? आपण काय सलून काढलंय? लहानपणी बांगड्या भरताना कासार मावशीच्या हाताला तेल चोळायचा, ते मला आठवलं. स्वयंपाकघरातून खोबरेल आणलं. ग्रिपा सुळ्ळकन चढल्या! स्वतःवर इतका खूश मी लग्नातही नव्हतो.

गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारायला निघालो. वळताना डावी ग्रिप दोन बोटं बाहेर आली. रेस द्यायला उजवी पिळली तर ती नुसतीच हातात फिरली, गाडीला पत्ताच नाही. कसाबसा परत आलो. तळहात ओशट, त्यात ते काळं. हात तोंडाजवळ नेववेना.

दारात बायको उभी. हेल्मेट घालून, पट्टा लावून, चक्क जीन्समध्ये.

"झालं? बसू?"

डावी ग्रिप मी तळहाताने हळूच आत ढकलली. वाटलं, जवळच तर जायचंय, सावकाश चालवू, काही होत नाही. दिवसभरात मी पुष्कळ घाण हाताळली होती, पण या विचाराइतकी किळस कशाचीच आली नाही. तिने सीटवर हात ठेवला होता.

"नको बसूस," मी म्हणालो आणि ग्रिप ओढून तिच्या हातात दिली.

तिने ती उलटसुलट केली. वास घेतला.

"खोबरेल?"

"चढत नव्हती. व्हिडिओवाला हेअरस्प्रे मारा म्हणत होता, पण बांगड्यांना तेल लावतात ना..."

"अरे, त्याच तेलाने बांगडी उतरते पण!"

मी मान डोलावली. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. हेल्मेटचा पट्टा सोडता सोडता हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी बसले असते."

"हो."

"त्या व्हिडिओवाल्याला बोलाव. त्याच्या मागे बसते."

ग्रिप माझ्या तळहातावर ठेवून, बोटं अंगापासून लांब धरत, ती हात धुवायला आत गेली.