कुंदामावशी आणि खोटे चिरूट

कुंदामावशी दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला नारायण पेठेतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर खुर्ची घेऊन जायची आणि चिरूट ओढायची. अंगावर इस्त्रीची सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात, आणि बोटांत तो जाडजूड तपकिरी चिरूट. आठवड्यातून एकच. वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो, अशी तक्रार खालच्या मजल्यावरच्या बाईंनी केली, तेव्हा मावशी म्हणाली, "मग साडेपाचच्या आत काढत जा. नाहीतरी ते दुपारीच वाळलेले असतात."

ही सवय मूळची काकांची. ते त्रिचीहून चिरूट मागवायचे. ते गेले तेव्हा कपाटात दीड खोका शिल्लक होता. "टाकून कशाला द्यायचे?" म्हणत मावशीने एका रविवारी पहिला पेटवला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली. पुढच्या रविवारी दुसरा पेटवला. खोका संपेपर्यंत तिला ते आवडायला लागले होते.

तिची सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत अन्नातली भेसळ तपासण्यात गेली होती. हळदीतला रंग, दुधातला युरिया, तिखटातली विटेची पूड. निवृत्त झाली तरी पर्समध्ये आयोडीनची छोटी बाटली असायचीच. माझ्या मामेभावाच्या लग्नात तिने मुलीकडच्यांनी आणलेल्या पेढ्यावर एक थेंब टाकला. पेढा निळा-काळा पडला. "खव्यात पीठ घातलंय," ती भर पंगतीत म्हणाली. आईने तिला कोपराने ढोसले. "अगं, आजच्या दिवस राहू दे ना!"

"का? आज पोटं सुट्टीवर आहेत का?"

लहानपणी मला तिचा अभिमान वाटायचा. हिंजवडीत नोकरीला लागले, चारचौघांत वावरायला शिकले, आणि मला तिची लाज वाटायला लागली. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण तेच खरे आहे.

क्यूबाचा चिरूट एकदा ओढायचा, ही काकांची इच्छा राहून गेली होती. नंतर ती मावशीची झाली. एकोणसत्तराव्या वर्षी तिने पुण्याच्याच एका सहल कंपनीची कॅरिबियन क्रूझ ठरवली आणि मला म्हणाली, "रजा काढ. मला बॅग ओढायला माणूस लागेल." निघण्यापूर्वी महिनाभर ती अभ्यास करत होती. खऱ्या खोक्यावर तिथल्या सरकारची हिरवी पट्टी असते, तळाला कारखान्याचा आणि महिन्याचा शिक्का असतो, आत अख्खी लांब पाने गुंडाळलेली असतात. सगळे वहीत लिहून काढले होते. "आणि काचेच्या झाकणाचा खोका क्यूबात बनतच नाही," तिने मला विमानात सांगितले. "काच दिसली की दुकानातून बाहेर."

आम्ही लंडनमार्गे बार्बाडोसला गेलो आणि तिथून जहाजावर चढलो. गटात बावीस जण, सगळे पुण्याचे. टूर मॅनेजर संकेत गोड बोलायचा, सगळ्यांना आई-बाबा म्हणायचा. तिसऱ्या दिवशी जहाज एका बेटाला लागले. उतरून बसमध्ये चढताना संकेतने सांगितले, "सिगार घ्यायचे तर आपल्या ठरलेल्या दुकानातच. बाहेर फसाल."

ठरलेल्या दुकानात भिंतभर खोके होते आणि एकूण एक खोक्याला काचेचे झाकण होते. दुकानदार सांगत होता की त्याचा भाऊ हवानाच्या कारखान्यात चिरूट वळतो. आमच्या गटातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या परांजप्यांनी जावयांसाठी तीन खोके काखेत घेतले होते. मीही एक घेतला होता. माझ्या ऑफिसातल्या मॅनेजरने "क्यूबन मिळाले तर बघ" असे म्हटले होते आणि माझी बढती त्याच्या हातात होती.

मावशीने एक खोका उचलला, उलटा करून तळ पाहिला, खाली ठेवला. दुसरा पाहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा. पैसे देऊ नका. हे खोटे आहेत."

"अहो मावशी, आपलं नेहमीचं दुकान आहे," संकेत हसत म्हणाला.

"तुमचं असेल. पट्टी कुठे आहे? शिक्का कुठे आहे?"

"तुम्हाला एकटीलाच कळतं का?" परांजपे चिडले. "इतकी माणसं घेताहेत ती काय मूर्ख आहेत?"

मावशीने एक सुटा चिरूट विकत घेतला, पर्समधून कात्री काढली आणि काउंटरवरच तो उभा चिरला. आतून भुसा पडला. देठांचे तुकडे, चुरा, आणि कसल्याशा कागदाचा एक कपटा. सगळ्यांनी तो पाहिला. मीही पाहिला.

मला वाटले होते, आता लोक दुकानदारावर तुटून पडतील. ते मावशीवर तुटून पडले. कोणी म्हणाले, मूड घालवला. कोणी म्हणाले, एखादा खराब निघतोच. परांजपे बाई म्हणाल्या, "बाईमाणसाला चिरुटातलं एवढं कळावंच कशाला?" संकेतच्या चेहऱ्यावरचे हसू गेले होते. तो माझ्याकडे वळला. "मावशींना उन्हाचा त्रास होतोय. तुम्ही त्यांना बसमध्ये बसवता का?"

मावशीने माझ्याकडे पाहिले. ती वाट पाहत होती. मी काय बोलायला हवे होते ते मला माहीत होते. भुसा समोर पडला होता.

"जाऊ दे ना मावशी," मी म्हणाले. "लोक बघताहेत. चल." आणि तिचा दंड धरून मी तिला बाहेर नेले, बसमध्ये बसवले, पाण्याची बाटली दिली. मग परत दुकानात गेले आणि माझ्या खोक्याचे पैसे भरले.

अजूनही आठवले की कान तापतात. संकेतचा राग येतो, त्याला नक्कीच त्या दुकानातून काही मिळत असणार. त्या एकवीस जणांचा त्याहून जास्त येतो. फसवणूक डोळ्यांनी पाहून जे पाकिटात हात घालतात, त्यांना फसलेले म्हणायचे का? आणि त्या एकवीस जणांत मी होते.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आमच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मावशीने आमटी मागवावी तसे सूप मागवले आणि शांतपणे प्यायली. दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला द्यायची तक्रार सुवाच्य अक्षरात लिहिली आणि एकेकाकडे सहीसाठी गेली. एकही सही मिळाली नाही. माझ्याकडे ती आलीच नाही. शेवटी तिने एकटीचीच सही केली.

पुढच्या बेटावर ती मला न सांगता एकटी उतरली. दोन तासांनी परत आली तेव्हा तिच्या हातात कागदात गुंडाळलेला एक चिरूट होता. गावात शिरून, चार जणांना विचारून तिने दुकान शोधले होते. तिथे खोका उलटा करून तळ पाहिला, पट्टी पाहिली आणि एकच घेतला. जहाजाच्या मागच्या डेकवर, जिथे ओढायला परवानगी होती, तिथे बसून तिने तो सावकाश संपवला. "कसा आहे?" मी विचारले.

"खरा आहे," ती म्हणाली.

पुण्यात आल्यावर मी तो खोका मॅनेजरला दिला. त्याने काचेच्या झाकणासकट फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, ऑफिसभर वाहवा झाली. मावशीच्या तक्रारीला कंपनीने पुढच्या सहलीवर सवलतीचे कुपन पाठवले. तिने त्याच पाकिटावर "आपली सवलत आपणच वापरा" असे लिहून ते परत केले.

सात महिन्यांनी ती गेली. झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले. भेटायला येणाऱ्यांत परांजपे पती-पत्नीही आले. परांजपे खुर्चीत टेकले आणि हळहळत म्हणाले, "बाणेदार बाई. खरं सांगू का, त्या दिवशी त्यांचंच बरोबर होतं. आम्हाला सगळ्यांना कळत होतं हो."

माझ्या अंगाची लाही झाली. "कळत होतं तर बोलला का नाहीत?"

"अहो, सगळ्यांचीच सहल खराब झाली असती."

"तिची झाली ती चालली?" मी ओरडले. परांजपे उठून उभे राहिले. "तुम्ही तरी कुठे बोललात?" ते म्हणाले. "त्यांना हाताला धरून बाहेर तुम्हीच नेलंत."

ते खरे होते. ते दोघे निघून गेले. आईला यातले काहीच माहीत नव्हते. तिने मला आतल्या खोलीत बोलावले आणि मी तिला पहिल्यापासून सगळे सांगितले.

"मग काय म्हणाली ती तुला?" आईने विचारले. "चांगलं फैलावर घेतलं असेल."

मावशीने मुलीकडच्यांना सोडले नव्हते, दुकानदाराला सोडले नव्हते, कंपनीला सोडले नव्हते.

"काहीच म्हणाली नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही."

आई माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "म्हणजे फारच लागलं असेल गं तिला."